घरीच वाढदिवसाचं जेवण: १५ जणांसाठी सोपा आणि स्वस्त बेत कसा ठरवायचा?

वाढदिवस घरीच करायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, 'जेवायला काय?' मग यादी वाढत जाते. मुलांना पावभाजी हवी, आजी-आजोबांसाठी वरणभात, पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून पनीरची एक भाजी, सोबत पुऱ्या, वर गोड आणि केक तर आहेच. खर्च हॉटेलच्या बिलाच्या जवळ जातो आणि घरातली एक व्यक्ती, बहुतेक वेळा आईच, केक कापायलाही हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येते.

हे टाळता येतं. त्यासाठी पाहुणे कमी बोलवावे लागत नाहीत आणि जेवणात काटकसर झाल्याचंही दिसत नाही. घरगुती जेवणाचा खर्च आणि कष्ट माणसांच्या संख्येपेक्षा पदार्थांच्या संख्येने जास्त वाढतात, हे गणित मात्र लक्षात ठेवावं लागतं.

हे गणित कसं चालतं, १५ जणांसाठी कोणते बेत सोपे पडतात, कशाला किती सामान लागतं आणि अन्न बाधू नये म्हणून काय सांभाळायचं, ते पाहू.

आधी 'पानं' मोजा

पंगतीच्या स्वयंपाकात किती 'पानं' वाढायची यावरून अंदाज बांधतात. घरीही तेच करावं. मोठ्या माणसाचं एक पूर्ण पान धरायचं आणि साधारण दहा वर्षांखालच्या मुलाचं अर्धं.

समजा, १० मोठी माणसं आणि ५ लहान मुलं आहेत. म्हणजे डोकी १५, पण पानं साडेबारा. ती १३ धरायची. या लेखातली सगळी मापं १३ पानांची आहेत. अचानक आलेल्या एखाद्या पाहुण्याची सोयही त्यात होते. '१५ माणसं आहेत, २० जणांचं करू' या हिशोबाने केलं, तर मात्र भांडंभर अन्न हमखास उरतं.

निमंत्रण देतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. कोणाचा उपवास आहे का, कोणी कांदा-लसूण किंवा बटाटा वर्ज्य करतं का आणि कोणाला शेंगदाणे, दूध, अंडं अशा कशाची अ‍ॅलर्जी आहे का. संकष्टी, एकादशी किंवा श्रावणातला सोमवार वाढदिवसाच्या दिवशीच आला, तर ऐनवेळी धावपळ होते. घरी सांगून ठेवलं असेल, तर साबुदाण्याची खिचडी किंवा वरईचा भात आधीच ठरवता येतो.

खर्च नेमका कुठे होतो?

उदाहरण म्हणून पावभाजी घेऊ. पुढचे भाव फक्त हिशोब समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या मंडईतले त्या दिवशीचे भाव घालून हाच हिशोब करता येईल.

समजा, बटाटे आणि कांदे ३० रुपये किलो, टोमॅटो ४०, फ्लॉवर ६०, सिमला मिरची ८० आणि मटार १०० रुपये किलो आहेत. १३ पानांना लागणाऱ्या सगळ्या भाज्या साधारण २०० रुपयांत येतात. मसाला, लसूण, लिंबं, कोथिंबीर आणि तेल यांचे १३० रुपये. एक पाव ४ रुपयांना धरला, तर ४० पावांचे १६० रुपये. अर्धा किलो बटर ३०० रुपये. एकूण झाले ७९० रुपये.

भाज्यांचा खर्च यात पाव हिस्साच आहे. बटर आणि पाव मिळून निम्म्याहून जास्त पैसे घेतात. भाजी तेलावर परतून बटर फक्त वरून आणि पावाला लावलं, तर पाव किलो बटर पुरतं आणि सुमारे १०० रुपये वाचतात. भाजीत बटाटा वाढवून आणि मटार कमी करून एवढी बचत होत नाही, चव मात्र बिघडते.

आता याच बेतात पनीरची भाजी वाढवून पाहा. एक किलो पनीर ४०० रुपये आणि काजू, क्रीम, टोमॅटो यांचे २०० रुपये धरले, तर ६०० रुपये वाढले. म्हणजे जेवणाचा खर्च जवळपास पाऊणपटीने वाढला. पाहुणे मात्र तेवढेच आणि त्यांची भूकही तेवढीच.

पाहुणेच पाचने वाढले तर? एका पानाचा खर्च साधारण ६० रुपये पडतो. पाच मोठी माणसं वाढली, तर सुमारे ३०० रुपये वाढतात. म्हणजे पाच माणसं जास्त बोलावणं हे एक पदार्थ वाढवण्यापेक्षा स्वस्त आहे. कष्टांचंही तसंच आहे. भाजीचं पातेलं थोडं मोठं घेतलं, तर काम फारसं वाढत नाही. दुसरी भाजी करायची म्हणजे नवी चिराचिरी, नवी फोडणी, आणखी एक शेगडी आणि घासायला आणखी भांडी.

हॉटेलात माणशी ३५० रुपये धरले, तर १५ जणांचे ५,२५० रुपये होतात. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला, की बिल साडेपाच हजारांवर जातं. घरी पावभाजीचे ७९०, एक किलो केकचे ६०० आणि ताकाचे ११० रुपये धरले, तर दीड हजारात सगळं बसतं. म्हणजे माणशी १०० रुपये.

बेत निवडताना विचारायचे तीन प्रश्न

शेवटच्या अर्ध्या तासात किती शेगड्या लागतील? बहुतेक घरांत दोन किंवा तीन बर्नरची शेगडी असते. ऐनवेळी एकच शेगडी लागणारा बेत सोपा. दोन लागणारा जमण्यासारखा. तीन लागत असतील, तर एकजण स्वयंपाकघरात अडकणार हे नक्की.

एकेक करून गरम वाढावं लागेल का? पुरी, भजी, डोसा, गरम पोळी हे पदार्थ ५० जणांच्या पंगतीत चालतात, कारण तिथे आचारी असतो. घरात ते करायचे, तर करणारी व्यक्ती सगळ्यात शेवटी जेवते. पोळ्या हव्याच असतील, तर जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून किंवा बचत गटाकडून ३० ते ३५ घडीच्या पोळ्या आणाव्यात. आदल्या दिवशी सांगून ठेवलं की काम होतं.

तिखट-गोड पानात ठरवता येईल का? तीन वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजोबा एकाच बेतात बसवायचे असतील, तर मूळ पदार्थ सौम्य ठेवून तिखट वेगळं द्यायचं. मग मुलांसाठी वेगळा पदार्थ करावा लागत नाही.

या तीन प्रश्नांना उतरणारे पाच बेत पुढे दिले आहेत.

बेत १: पावभाजी, ताक

मुलं जास्त असतील तर हा बेत चुकत नाही.

१३ पानांसाठी:
- बटाटे सव्वा किलो, फ्लॉवर पाऊण किलो, टोमॅटो १ किलो
- कांदे १ किलो (निम्मे भाजीत, निम्मे वरून)
- मटार आणि सिमला मिरची प्रत्येकी पाव किलो
- पाव ४०, बटर पाव ते अर्धा किलो
- लिंबं ६, कोथिंबिरीची मोठी जुडी

संध्याकाळी चारच्या सुमारास बटाटे, फ्लॉवर आणि मटार कुकरला लावायचे. कांदा, सिमला मिरची, आलं-लसूण आणि टोमॅटो तेलावर चांगले मऊ होईपर्यंत परतायचे. मग पावभाजी मसाला आणि उकडलेल्या भाज्या घालून ठेचायचं. रंगासाठी काश्मिरी मिरची वापरली, तर तिखटपणा आटोक्यात राहतो. मोठ्यांसाठी लसूण-मिरचीचा ठेचा वाटीत वेगळा ठेवावा.

पाव भाजत बसायचे नसतील, तर मोठ्या तव्यावर एका वेळी सहा-आठ पाव भाजून कापडात गुंडाळून डब्यात ठेवता येतात. हे काम घरातलं कोणीही करू शकतं. बटाटा न खाणारे पाहुणे असतील, तर त्यांच्यापुरत्या भाजीत कच्ची केळी उकडून घालावी. दाटपणा तसाच येतो.

बेत २: मसालेभात, मठ्ठा, कोशिंबीर, पापड

लग्नाच्या पंगतीतला हा भात घरच्या वाढदिवसालाही शोभतो. एकाच पातेल्यात होतो आणि कांदा-लसणाशिवायही चांगला लागतो.

१३ पानांसाठी:
- तांदूळ सव्वा किलो (सुटा होणारा जुना कोलम चांगला)
- तोंडली अर्धा किलो, मटार पाव किलो
- काजू ५० ग्रॅम, अर्धा नारळ, कोथिंबीर
- गोडा मसाला ४ ते ५ मोठे चमचे
- मठ्ठ्यासाठी दही १ लिटर, पाणी दीड ते दोन लिटर
- कोशिंबिरीसाठी काकड्या १ किलो, दही पाव किलो, दाण्याचं कूट

सव्वा किलो तांदळाचा भात पाच लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी मावत नाही. दहा लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्यावं किंवा कुकर दोनदा लावावा. फोडणीत भाज्या आणि धुऊन निथळलेले तांदूळ परतायचे. तांदळाच्या मापाच्या साधारण दुप्पट उकळतं पाणी घालायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचं. गार पाणी घातलं, तर मोठ्या पातेल्यात खालचा भात गिचका होतो आणि वरचा कच्चा राहतो.

या बेतात पैसे खातात ते काजू. मूठभर काजू तळून शेवटी वरून पेरले, तर प्रत्येकाच्या पानात दिसतात. शिजताना घातलेले काजू दुप्पट लागतात आणि दिसतही नाहीत. कोणाला दाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर कोशिंबिरीत कूट घालू नये.

बेत ३: मिसळ-पाव

कमी खर्चाचा आणि पोटभरीचा बेत. कडधान्यामुळे पानात प्रथिनंही येतात.

१३ पानांसाठी:
- कोरडी मटकी ६५० ते ७०० ग्रॅम (मोड आल्यावर साधारण दुप्पट होते)
- फरसाण पाऊण किलो, पाव ४०
- कांदे १ किलो, सुकं खोबरं १५० ग्रॅम
- लिंबं ६, कोथिंबीर

याची तयारी दोन दिवस आधी सुरू होते. शनिवारी रात्री जेवण असेल, तर गुरुवारी रात्री मटकी भिजवायची, शुक्रवारी सकाळी उपसून कापडात बांधायची आणि शनिवारी सकाळपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात मोड लवकर येतात. आले की मटकी फ्रीजमध्ये ठेवावी, नाहीतर आंबूस वास येतो.

मुलांना चालेल अशी सौम्य उसळ एका पातेल्यात आणि झणझणीत कट, म्हणजे विदर्भातली तर्री, दुसऱ्या पातेल्यात ठेवायची. ज्याने त्याने आपापल्या जिभेप्रमाणे कट घ्यायचा. फरसाण, कांदा, लिंबू, दही टेबलावर मांडून ठेवलं, की वाढायलाही कोणी लागत नाही. इथे पैसे फरसाणावर जातात. साधी शेव आणि भाजके पोहे मिसळले, तर फरसाण अर्धा किलोत भागतं.

बेत ४: वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी

खानदेशात दहा-पंधरा पाहुणे आले की हा बेत होतोच. त्याला लागणारं बहुतेक सामान घरात असतं.

१३ पानांसाठी:
- गव्हाचं रवाळ पीठ सव्वा किलो, त्यात दोन-तीन मुठी मक्याचं पीठ
- तूरडाळ ६५० ग्रॅम
- वांगी दीड किलो
- ओवा, हळद, मीठ, मोहनासाठी तेल, वरून साजूक तूप

पिठात ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं. त्याचे वळकट्यांसारखे गोळे करून वाफवायचे. गार झाल्यावर कापून तळायचे. तळण नको असेल, तर अप्पेपात्रात थोड्या तेलावर खरपूस करता येतात.

बट्ट्या सकाळी वाफवून ठेवता येतात. तळण जेवणाच्या तासभर आधी उरकलं तरी चालतं, कारण बट्टी गरम वरणात कुस्करूनच खायची असते. म्हणून हा तळणीचा पदार्थ असूनही करणाऱ्याला अडकवून ठेवत नाही. वरण साधं ठेवायचं आणि वांग्याची भाजी तिखट. मुलं तूप घालून वरण-बट्टीच खातात. इथे खर्चाची बाजू म्हणजे तूप. ते भांड्यातून ओतण्यापेक्षा चमच्याने वाढावं.

बेत ५: अंडा करी किंवा चिकन रस्सा, भात

मांसाहारी बेत महाग पडतो असं वाटतं, पण अंड्यांचा रस्सा हा वाढदिवसासाठी चांगला स्वस्त पर्याय आहे.

१३ पानांसाठी:
- अंडी २५ (३० च्या ट्रेमध्ये काम भागतं) किंवा हाडासह चिकन अडीच किलो
- तांदूळ १ किलो
- कांदे १ किलो, सुकं खोबरं २०० ग्रॅम, आलं-लसूण
- भाकरी, पोळ्या किंवा पाव बाहेरून

कांदा-खोबऱ्याचं वाटण आदल्या रात्री भाजून, वाटून फ्रीजमध्ये ठेवलं, की निम्मं काम संपतं. दुसऱ्या दिवशी रस्सा तासाभरात होतो. पाहुण्यांत शाकाहारी असतील, तर त्याच वाटणाच्या रश्शाचा काही भाग आधीच दुसऱ्या पातेल्यात काढून त्यात बटाटा-मटार घालावेत. वेगळी भाजी करावी लागत नाही. डाव मात्र दोन्हीकडे वेगळे ठेवावेत.

केक असताना आणखी गोड हवं का?

घरगुती वाढदिवसात कधी कधी जेवणाएवढाच खर्च एकट्या केकवर होतो. वरच्या हिशोबात जेवण ७९० रुपयांचं आहे आणि एक किलोचा केक ६०० रुपयांचा. केक दीड-दोन किलोंचा घेतला, तर तो जेवणापेक्षा महाग पडतो.

पुढे पोटभर जेवण आहे, तेव्हा १५ जणांना एक किलो केक पुरतो. प्रत्येकाला ६५ ग्रॅमच्या आसपास तुकडा येतो. मग श्रीखंड, गुलाबजाम असं दुसरं गोड लागत नाही.

केक घरी करायचा असेल, तर रव्याचा केक सोपा. रवा आणि दही सम प्रमाणात, त्यात साखर, थोडं दूध आणि तेल किंवा तूप घालून अर्धा तास भिजवायचं, शेवटी बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा. ओव्हन नसेल, तर जाड कढईत स्टँड ठेवून झाकणाखाली मंद आचेवर भाजता येतो. हा केक आदल्या दिवशी केला तरी चालतो.

केक नको असेल, तर शेवयांची खीर हा जुना आणि स्वस्त पर्याय आहे. १३ पानांना दोन लिटर दूध आणि २०० ग्रॅम शेवया पुरतात. मधुमेह असलेल्यांसाठी साखर घालण्याआधी थोडी खीर बाजूला काढता येते. प्यायला शीतपेयांच्या बाटल्यांऐवजी कोकम सरबत किंवा उन्हाळ्यात पन्हं केलं, तर तोही खर्च कमी होतो.

कामाचं वेळापत्रक

रात्री आठला जेवण आहे असं धरून:

- दोन दिवस आधी: किराणा आणि टिकणाऱ्या भाज्या आणाव्यात. मिसळ असेल तर मटकी भिजवावी. मोठं पातेलं, डाव, ताटं पुरेशी आहेत का ते पाहून नसतील तर शेजारून सांगून ठेवावीत.
- आदल्या रात्री: लसूण सोलणं, मटार सोलणं, वाटण, घरचा केक. पोळ्यांची, पावांची ऑर्डर.
- त्या दिवशी सकाळी: कोथिंबीर निवडणं, दही लावलेलं असेल तर फ्रीजमध्ये ठेवणं, बट्ट्या वाफवणं.
- चार ते साडेसहा: मुख्य पदार्थ. भात असेल तर तो सर्वांत शेवटी, साडेसहाच्या सुमारास लावावा.
- सात वाजता: शेगडी बंद किंवा मंद. औक्षण आणि केक.
- साडेसात: मुलांची पंगत.
- आठ: पदार्थ पुन्हा चांगला गरम करून मोठ्यांचं जेवण.

औक्षणाच्या वेळी स्वयंपाकघरात कोणीही नसावं, या एकाच अटीवर वेळापत्रक उलटं लावत गेलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

काम कोणाचं?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, देशात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसातले सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जातात. पुरुषांमध्ये ही सरासरी ९७ मिनिटं आहे. वाढदिवसाच्या दिवशी हा भार आणखी वाढतो आणि कधी कधी तो त्या बाईचाच वाढदिवस असतो.

म्हणूनच 'मदत लागली तर सांग' असं म्हणण्यापेक्षा कामं नावानिशी वाटलेली बरी. एकाने बाजार, एकाने चिराचिरी, एकाने पाव भाजणं आणि ताक, मुलांनी ताटं-पाणी, एकाने शेवटची भांडी. एका पातेल्याचा बेत असला की स्वयंपाक न येणाऱ्यालाही देण्यासारखी कामं निघतात.

भांडी कमी करायची, तर केळीची पानं किंवा पत्रावळी वापराव्यात. थर्माकोलची ताटं-वाट्या महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत. १ जुलै २०२२ पासून देशभरात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे यांच्यावर बंदी आली. फुग्यांच्या प्लास्टिक काड्या आणि सजावटीचा थर्माकोलही त्याच यादीत आहे.

दोन तासांचा नियम

घरचं अन्न बाधत नाही, असं समजलं जातं. पण मोठ्या प्रमाणात केलेलं अन्न रोजच्या स्वयंपाकापेक्षा वेगळं वागतं. मोठं पातेलं हळू गार होतं. त्यामुळे आतलं अन्न तासन् तास कोमट राहतं आणि जिवाणूंना वाढायला तेच हवं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार, शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. गरम ठेवायचं असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवायचं असेल तर ५ अंशांच्या खाली. तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला एकाच तासाचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत हा एक तासच धरावा.

भाताबाबत जास्त काळजी घ्यावी लागते. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूची बीजं असू शकतात. ती शिजवूनही मरत नाहीत. भात बराच वेळ कोमट राहिला की ती वाढतात आणि उलट्या घडवणारं विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून रात्रीच्या जेवणाचा भात दुपारी करून ठेवू नये.

आणखी काही गोष्टी:
- गोठवलेलं चिकन ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावं. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट सॅलडसाठी वापरू नये.
- क्रीमचा केक कापायच्या वेळीच फ्रीजबाहेर काढावा.
- दही, मठ्ठा, कोशिंबीर शेवटी मांडावी. कोशिंबिरीत मीठ-दही जेवणाआधी कालवावं.
- पुन्हा गरम करताना पदार्थ नुसता कोमट करू नये. रस्सा, भाजी चांगली उकळू द्यावी.

उरलं तर?

जेवणं आटोपली की गप्पा मारण्याआधी दहा मिनिटं उरलेलं आवरावं. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवू नये. पसरट, उथळ डब्यांत थोडं थोडं काढून ठेवलं, की अन्न लवकर गार होतं.

कोणाला द्यायचं असेल, तर त्याच रात्री, चांगलं असतानाच द्यावं. पाहुण्यांनी डबा आणला असेल, तर उत्तम. उरलेल्या पावभाजीचे दुसऱ्या दिवशी पराठे होतात, उसळीत कणीक मळून थालीपीठं होतात. फोडणीचा भात करायचा तर तो रात्री वेळेत फ्रीजमध्ये ठेवलेल्या भाताचाच करावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्यावा.

थोडक्यात

१५ जणांच्या वाढदिवसासाठी एक मुख्य पदार्थ, सोबत एक थंड पेय किंवा ताक आणि एकच गोड, एवढं पुरतं. पानं मोजून सामान आणा, बेतातली सर्वांत महाग वस्तू ओळखून ती बेताने वापरा, ऐनवेळी एकच शेगडी लागेल असं पाहा आणि दोन तासांचा नियम पाळा. हातात थोडे पैसे उरलेच, तर आणखी एक भाजी करण्यापेक्षा आणखी चार माणसांना जेवायला बोलवा.